वृद्धाश्रम निवडताना इमारतीत नेमकं काय बघावं?

रानजाई

आईने स्वतःहून विषय काढला म्हणून हा धागा. वय ७६, गुडघे सोडले तर तब्येत चांगली. बाबा गेल्यापासून एकटी राहते. "कुणाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नाही मला, एखादी चांगली जागा बघ," असं तिचं स्पष्ट म्हणणं आहे. त्यामुळे 'आईला वृद्धाश्रमात ठेवावं का' ही चर्चा कृपया इथे नको.

फी, जेवण, डॉक्टर, अनामत रक्कम हे कसं विचारायचं ते कळतं. माझा प्रश्न इमारतीबद्दल आहे. पुणे, नाशिक आणि कर्जतच्या बाजूला काही ठिकाणं बघून आले. माहितीपत्रकं सगळी सारखीच: चकचकीत लॉबी, देऊळ, हिरवळ. एका ठिकाणी इमारतीच्या मागे खरंच सुरेख बाग होती. कारंजं, बाकं, गुलाबाचे ताटवे, सगळं होतं, पण तिथे चिटपाखरू नव्हतं. सगळे आजीआजोबा पुढच्या बाजूला, ऑफिसच्या दारातल्या बोळकंडीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून गेटकडे तोंड करून बसलेले. व्यवस्थापक वैतागून म्हणाले, "कितीही सांगा, मागे जातच नाहीत."

मला वाटतं, तिथे नकाशाच चुकलाय. ज्या माणसांनी आयुष्यभर येणारंजाणारं बघितलं, त्यांना अचानक गुलाब बघत बसायला सांगितलंय. म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलंय: दुपारी चार वाजता आई कुठे बसेल, तिथून तिला काय दिसेल, आणि कुणालाही हाक न मारता ती तिथवर जाऊ शकेल का, यावरून जागा जोखायची. पटतंय का? आणखी काय बघू?

सडेतोड

इमारतीला काय चाटायचंय? माणसं चांगली हवीत. आमच्या मावशी ज्या आश्रमात होत्या तिथे पत्र्याची शेड होती, पण सांभाळणाऱ्या ताई देवमाणूस. मावशी आनंदात गेल्या. उलट संगमरवर लावलेल्या ठिकाणी बेल वाजवून अर्धा तास कुणी येत नाही, हेही बघितलंय.

अनघा_वि

+१ सडेतोड. माणसं आधी.

माधवी_फिजिओ

सडेतोड, अर्धं पटलं. मी अशा दोन-तीन संस्थांमध्ये व्यायाम घ्यायला जाते, तिथलं सांगते.

एका संस्थेत लांबलचक बोळ आहे, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि रात्रपाळीच्या मावशींची खुर्ची एका टोकाला. दुसऱ्या टोकाच्या आजी रात्री बाथरूमला उठल्या तर मावशींना ना दिसत, ना ऐकू येत. मावशी कितीही मायेच्या असल्या तरी करणार काय? मग पडू नये म्हणून पलंगाला कठडे लावतात आणि रात्री डायपर बांधतात. चालती-फिरती बाई चार महिन्यांत अंथरुणाला खिळते. दुसऱ्या ठिकाणी मधल्या चौकाभोवती खोल्या आहेत, मावशी मध्ये बसल्या की सगळी दारं नजरेत. माणसं तितकीच, पगारही तितकाच. तिथले आजीआजोबा रात्री स्वतः उठून जाऊन येतात, मावशी फक्त लक्ष ठेवतात.

चांगल्या माणसाला चांगलं वागता येईल की नाही, हे बऱ्याचदा भिंती ठरवतात.

रानजाई, बाथरूम नीट बघा. आपल्याकडे पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात उंबरठा करतात, तिथेच ठेच लागते. दार बाहेरच्या बाजूला उघडतं का ते बघा. आत उघडणाऱ्या दाराआड माणूस पडला तर दारच उघडत नाही. कडी बाहेरून उघडण्याची सोय हवी. आणि भिंतीवरचा दांडा हाताने जोर लावून ओढून बघा. बऱ्याच ठिकाणी टॉवेलचा दांडाच आधाराचा म्हणून दाखवतात, तो माणसाच्या वजनाने उपटून येतो.

अभियंता_नाना

माधवीताईंनी मुद्द्याचं सांगितलं. मी वास्तुविशारद नाही, पण बांधकामातच हयात गेली. टेप घेऊन जा. उताराचा रॅम्प १ ला १२ असावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. यापेक्षा उभा रॅम्प चाकाच्या खुर्चीसाठी धोक्याचा. दार उघडल्यावर मोकळी जागा ९०० मिलिमीटर मिळायला हवी. कठडा दोन उंचींवर हवा, ७६० आणि ९०० मिलिमीटर, आणि तो रॅम्प संपल्यावरही थोडा पुढे आलेला असावा, कारण तोल जातो तो शेवटच्या पावलाला. केंद्राच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. शिवाय निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाची वेगळी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून आहेत. पण नावातच 'मार्गदर्शक' आहे, सक्ती नाही.

फरशी चकचकीत व्हिट्रिफाइड असेल तर दोनदा विचार करा. शहाबादी किंवा न पॉलिश केलेला कोटा बरा.

तेजश्री_क

नानांच्या फरशीवरून आठवलं. आमच्या आजोबांना स्मृतिभ्रंश होता. आश्रमात त्यांच्या खोलीच्या दारात काळ्या ग्रॅनाइटची पट्टी होती, आपल्याकडे सर्रास असते तशी. ते दारापर्यंत यायचे, थांबायचे, काठीने पट्टी चाचपायचे आणि परत फिरायचे. सगळे म्हणायचे, हट्टी झालेत, खोलीबाहेर पडतच नाहीत. मग एका नव्या नर्सबाईंच्या लक्षात आलं की त्यांना तिथे खड्डा दिसतोय. गडद आणि फिकट रंग शेजारी आले की या आजारात खोल खड्ड्याचा भास होऊ शकतो. पट्टीवर फरशीच्या रंगाचा जाड कागद चिकटवला, आणि आजोबा चहाच्या वेळी स्वतः बाहेर आले. तोवर कित्येक महिने खोलीत कोंडल्यासारखे राहिले होते ते! माझा जीव अजून तुटतो त्याने.

काळं पायपुसणं, चकाकणारी फरशी (ओली वाटते), समोरासमोर आरसे हे सगळं अशा माणसांसाठी वाईट. आणि संडास पलंगावरून दिसला तर ते वेळेवर जातात. दार बंद असलं की तिथे संडास आहे हेच आठवत नाही.

निळासावळा

तेजश्री, थरारून गेलो वाचून. काळी पट्टी आमच्याही घरात प्रत्येक दाराला आहे.

रंगाचाच आणखी एक मुद्दा. पांढऱ्या मेलामाइनच्या ताटात दहीभात वाढला तर तो या लोकांना दिसतच नाही. बोस्टनमध्ये अल्झायमरच्या रुग्णांना ठळक लाल रंगाच्या ताटवाट्या दिल्या, तेव्हा त्यांचं खाणं सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं होतं. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण मात्र 'आजी जेवत नाहीत' म्हणून टॉनिक सुरू करतो.

डचपूरकर

नेदरलँड्समध्ये राहतो, त्यामुळे होगवेकबद्दल लिहायलाच हवं. वेस्प नावाच्या गावात (आता ॲमस्टरडॅम महापालिकेत आलंय) फक्त स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांसाठी २००९ मध्ये हे उभं राहिलं. रुग्णालयासारखे वॉर्ड नाहीत, तर सहा-सात जणांची एकेक घरं. प्रत्येक घराचं स्वयंपाकघर वेगळं, राहणीमानाची धाटणी वेगळी. मध्ये गल्ल्या, चौक, दुकान, कॅफे, नाट्यगृह. बाहेरच्या बाजूने इमारतींचीच भिंत आणि जायला-यायला एकच वाट, त्यामुळे आत माणूस मनमुराद हिंडू शकतो. पाऊस असला तरी लोक बाहेर असतात. 'बाहेर जाऊ नका' असं कुणी म्हणत नाही, हा सगळ्यात मोठा फरक.

उजेडाचाही इथलाच दाखला. इथल्या बारा निवासी केंद्रांपैकी काहींच्या दिवाणखान्यात दिवसा साधारण १००० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) आणि बाकीच्यांत साधारण ३०० लक्स उजेड ठेवून साडेतीन वर्षांपर्यंत पाहिलं. जास्त उजेडातल्यांच्या बुद्धीची घसरण थोडी मंदावली, उदासीही कमी झाली. २००८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून आपल्याला 'पुरेसा' वाटणारा उजेड त्यांना संधिप्रकाश असतो.

सडेतोड

डचपूरकर, हे गाव म्हणजे सुंदर पिंजराच नाही का? जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बेनराथमध्ये तर आश्रमापुढे खोटा बसथांबा उभा केलाय म्हणे. घरी जायचंय म्हणणारी माणसं तिथे बसतात, आणि बस कधीच येत नाही. मला हे फसवणं वाटतं.

डचपूरकर

बसथांब्याबद्दल माझंही मन कचरतं. पण होगवेकमधलं दुकान खरं आहे, तिथे खऱ्या भाज्या मिळतात, आणि त्यांचाच स्वयंपाक होतो. पिंजऱ्याबद्दल म्हणाल, तर आपल्याकडे अशा माणसाला खोलीला कुलूप लावून ठेवतात. कुलूप गावाच्या वेशीला असावं की खोलीला, यात मी वेस निवडेन.

माधवी_फिजिओ

बसथांब्याची दुसरी बाजू: घरी जायचंय म्हणून कासावीस झालेल्या बाईला हाताला धरून आत ओढणं मी पाहिलंय. तिच्याशेजारी बाकावर दहा मिनिटं बसणं त्यापेक्षा नक्कीच माणुसकीचं. पण शेजारी कुणीतरी बसलं पाहिजे, ही अट.

सुरंगी

गोव्यातून हजेरी. रानजाई, गेटजवळच्या बोळकंडीचं वाचून आमचं बल्कांव आठवलं. इथल्या जुन्या घरांना पुढच्या दारात छपराचा ओटा असतो, दोन्ही बाजूंना बांधीव आसनं, तोंड रस्त्याकडे. माझी आजी नव्वदीत दिवसभर तिथेच. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत येणार, मग मासळीवाली, मग शाळेची मुलं. प्रत्येकाशी दोन शब्द. घरात एकटी असून ती एकाकी नव्हती. आणि मुख्य म्हणजे, ती घराच्या आतही नव्हती आणि रस्त्यावरही नव्हती. नको असेल तेव्हा एका पावलात आत.

आता इथेही नवे प्रकल्प येतात ते 'शांत, निसर्गरम्य, गावापासून दूर'. कुणाला हवी असते ही शांतता? शनिवार-रविवार भेटायला येणाऱ्या मुलांना. दूर बांधायचं कारण जमीन स्वस्त मिळते हे आहे, आणि त्याला निसर्गाचं गोंडस नाव दिलं जातं. याचा मला फार राग येतो.

अनघा_वि

सुरंगी, हजारदा अनुमोदन! ओसरी, पार, ओटा, कट्टा... आपल्याकडे बसून बघायच्या इतक्या जागा होत्या, आणि आश्रम बांधताना नेमकी तीच गोष्ट वगळतात.

आमच्या सोसायटीत एक आजोबा गेटवर इतके नेमाने बसतात की वॉचमन निर्धास्तपणे जेवायला जातो :)

मृण्मयी७

सगळ्यांचं वाचतेय, एक वेगळा मुद्दा. स्वतंत्र खोली की दोघींची? परदेशात स्वतंत्र खोली आणि जोडून बाथरूम हा मान समजतात. मीही सासूबाईंसाठी जास्त पैसे भरून तशी घेतली. त्या पंधरवड्यात रडकुंडीला आल्या. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्या खोलीत एकट्या कधी झोपल्याच नव्हत्या. आधी बहिणी, मग सासू-नणंदा, मग नातवंडं. शेवटी दोघींच्या खोलीत हलवलं, शेजारच्या आजी कोल्हापूरच्या, रात्री दिवा मालवल्यावर दोघींच्या गप्पा. आता सुट्टीला घरी आणलं तरी चार दिवसांत 'माझी वाट बघत असेल ती' सुरू होतं.

अभियंता_नाना

मृण्मयी, माझा पूर्ण विरोध. जोडीदार चांगली मिळाली म्हणून निभावलं. माझ्या भावाच्या खोलीतल्या गृहस्थांना रात्रभर रेडिओ लागायचा. साठ वर्षं संसार केलेल्या माणसाला शेवटी एक दारही स्वतःचं नसावं?

मृण्मयी७

नाना, म्हणून मधला मार्ग: दोघींची खोली, पण पलंग काटकोनात, दोघींना स्वतंत्र खिडकी, स्वतंत्र दिवा ज्याचं बटण पडल्यापडल्या हाताला लागेल, आणि स्वतःचं कुलपाचं कपाट. हॉस्पिटलसारखे समांतर पलंग आणि मध्ये पडदा असला की दुसरीचं खोकणंसुद्धा अंगावर येतं. सासूबाईंच्या इथे खोली अशी काटकोनी आहे, म्हणूनच जमलंय असं मला वाटतं.

आप्पा_७९

बराच वेळ वाचतो आहे. या धाग्यावर वृद्धाश्रमात प्रत्यक्ष राहणारा बहुधा मी एकटाच, म्हणून लिहितो. मी इथे स्वखुशीने आलो, सौ. गेल्यानंतर. जागेचं नाव लिहीत नाही.

माझी खोली तळमजल्यावर. खिडकीबाहेर नगरपालिकेच्या शाळेचं मैदान. मला ही खोली दाखवताना संचालक दिलगिरीच्या सुरात म्हणाले होते, "जरा गोंगाट असतो, मागची देऊ का?" मी हीच घेतली. साडेदहाला प्रार्थना, दीडला डबे, पाचला कबड्डी. मला घड्याळ लागत नाही. मागच्या खोल्यांतून डोंगर दिसतो. माझे मित्र तिकडे राहतात, पण दुपारी माझ्या खिडकीशी येऊन बसतात आणि कुठला मुलगा चांगली चढाई करतो यावर वाद घालतात. मध्यंतरी त्यातल्या दोघांनी या मुलांना उतारे म्हणायला शिकवायची परवानगी काढली.

खिडकीची चौकट मात्र उंच आहे. उभं राहिलं तर मैदान दिसतं, पलंगावरून फक्त आभाळ. दोन महिने तापाने पडून होतो तेव्हा सगळा गलका ऐकू यायचा आणि दिसायचं काहीच नाही. तेव्हा रानजाईताई, खोली बघायला जाल तेव्हा पलंगावर आडव्या होऊन बघा. कुणीच तसं करत नाही. सगळे उभे राहून खोली बघतात आणि आम्ही ती पडून बघतो.

दुसरं, कपाटाची किल्ली. माझी किल्ली माझ्याकडे आहे. आत काही किमती नाही, दोन धोतरं, पत्रं, सौ.ची चष्म्याची पेटी. पण आधीच्या संस्थेत किल्ल्या ऑफिसात टांगलेल्या असत आणि रुमाल काढायलाही मागायला जावं लागे. ते मला फार लागलं होतं.

रानजाई

आप्पा, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, स्वयंपाकघरात शिरू देतात का?

आप्पा_७९

आईसाहेबांना नमस्कार. भटारखान्यात नाही, तिथे मज्जाव. पण जेवणघराला लागून एक मोठा ओटा केला आहे, बसून काम करता येईल अशा उंचीचा. शेंगा सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं तिथे चालतं. जबरदस्ती नाही, पण खुर्ची मिळवायला भांडणं होतात. फोडणीचा वास येतो आणि आज काय आहे हे आधी कळतं, हे बायकांना फार महत्त्वाचं. आम्हा पुरुषांनाही.

निळासावळा

आप्पांच्या ओट्यावरून: लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि त्याची काळजी तुम्ही घ्या. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी कर्मचारीच घालणार. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त आनंदी, जास्त हिंडतेफिरते राहिले. रोप तेच, झारी कुणाच्या हातात एवढाच फरक.

आणि खिडकीबद्दल १९८४ चा उलरिचचा अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. (तिथे कबड्डी नव्हती, नाहीतर आणखी लवकर गेले असते!)

सडेतोड

आप्पांचं वाचून माझं मत थोडं सरकलंय. तरी एक प्रश्न उरतोच. हे सगळं पैसेवाल्यांसाठी. निराधारांचं काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम १९ बघा: राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढू शकतं, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी. 'काढू शकतं', काढलंच पाहिजे असं नाही. आणि जिथे कायद्याच्या मनातच दीडशे माणसांची इमारत आहे, तिथे वॉर्डच बांधले जाणार.

माधवी_फिजिओ

हा आकड्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. अमेरिकेत 'ग्रीन हाउस' नावाने २००३ पासून जी घरं बांधली, मिसिसिपीच्या ट्युपेलो गावापासून सुरुवात झाली, त्यात एका घरात दहा-बारा जणच. मध्ये उघडं स्वयंपाकघर आणि एकच मोठं जेवणाचं टेबल. दीडशे जणांसाठीही हे करता येतं: पंधरा घरं, मध्ये अंगण. खर्च खूप वाढतो असंही नाही, कारण आपल्याकडे बैठं बांधकाम साधं असतं. पण निविदा निघते ती तीन मजली इमारतीची. दीडशे खाटा, एक जेवणघर, एक जिना. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे लोक तिथेच अडकले. निराधार माणसाला खिडकी कमी लागते असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

सुरंगी

शेवटच्या वाक्याला साष्टांग नमस्कार.

अभियंता_नाना

माधवीताई, बैठ्या बांधकामाला जमीन लागते आणि शहरात ती नाही, हेही धरा. मग पुन्हा गावाबाहेर. त्यापेक्षा शहरात दोन मजले, दर मजल्याला गॅलरी रस्त्याकडे, रॅम्पने जोडलेले. बंद पडलेल्या शाळांच्या इमारती याला उत्तम: रुंद व्हरांडे, मोठ्या खिडक्या, वस्तीच्या मधोमध. जिल्हा परिषदांनी विचार करावा.

रानजाई, अजून एक. पावसाळ्यात जाऊन बघा. उन्हाळ्यात सगळ्याच इमारती चांगल्या दिसतात. शेवाळलेली वाट, गळणारा व्हरांडा, वीज गेल्यावर जिन्यात दिवा लागतो का, हे तेव्हाच कळतं.

तेजश्री_क

आणि रात्री आठनंतर एकदा जा. दिवसा दाखवतात ती इमारत आणि रात्रीची इमारत वेगळी असते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईला घेऊन दोन ठिकाणी गेले. ती सरळ पलंगावर आडवी झाली, व्यवस्थापक बघतच राहिले. पहिल्या ठिकाणी पडल्यावर समोर पंखा आणि ट्यूबलाइट, बाथरूमला चार इंच उंबरठा. तिने चप्पल घातली आणि निघालो. दुसरं ठिकाण तिला आवडलंय. खिडकी खाली आहे, कपाटाची किल्ली देतात, आणि आठ दिवस राहून बघायची परवानगी आहे. दोन खोल्या रिकाम्या आहेत. एक मागे, आंब्याच्या झाडाकडे, दुपारी गार. दुसरी रस्त्याकडे, समोर रिक्षाथांबा आणि भाजीवाले, पण पश्चिमेची, उन्हं येतात. आई रस्त्याकडची म्हणतेय. मला उन्हाची काळजी वाटते. नाना?

अभियंता_नाना

आईंचं ऐका. खिडकीला बाहेरून दीड-दोन फुटांचा छज्जा पुढे काढून मिळेल का विचारा, नाहीतर वाळ्याचा पडदा बाहेरून सोडा. आतल्या पडद्याने उजेड जातो आणि ऊन आधीच आत आलेलं असतं. चार ते सहा पडदा खाली, सहाला वर. दोरी मात्र आईंच्या हाताला लागेल अशी बांधायला सांगा.

आप्पा_७९

रिक्षाथांबा म्हणजे उत्तम. संध्याकाळी सहानंतरच रंगतो तो.